समुद्रात उतरायला बंदी होती, समुद्र रंगवायला नव्हती!

निसर्गचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? दवाखान्याच्या भिंतीवर, लॉजच्या खोलीत किंवा बँकेतल्या साहेबाच्या खुर्चीमागे टांगलेले एखादे चित्र. त्यात समुद्र असतो, वाऱ्याने वाकलेली माडाची झाडे असतात, मावळता सूर्य असतो. आपला नंबर येईपर्यंत आपण त्याकडे बघतो आणि बाहेर पडलो की विसरतो. ते कोणी काढले, कोणत्या हालअपेष्टांत काढले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. चळवळीतला माणूस तर असल्या चित्राकडे जरा संशयानेच बघतो. त्यात शोषण नाही, संघर्ष नाही, माणूसच नाही. मग ही पोट भरलेल्यांची कला, असे म्हणून तो मोकळा होतो. प्रस्तुत लेखकही बरीच वर्षे याच मताचा होता. पण अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील सव्वीस कृष्णवर्णीय चित्रकारांची हकीकत वाचनात आली आणि हे मत मुळातून तपासून घ्यावे लागले.

अमेरिकेतील काळ्या माणसांचा लढा आपल्या वाचकांना नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला तेव्हा तिने नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून. काळ्यांचे साहित्य, काळ्यांचे संगीत यांची चर्चा आपल्याकडे झाली. चित्रकारांबद्दल मात्र फारसे कोणी लिहिले नाही. त्यातही समुद्र, आभाळ, वारा-वादळ रंगवून जगलेल्या चित्रकारांबद्दल तर नाहीच. म्हणून आज हा विषय.

मोसंबीच्या बागेतून बाहेर

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर फोर्ट पियर्स नावाचे गाव आहे. समोर अटलांटिक महासागर आणि गावाला लागून 'इंडियन रिव्हर'. नावाला ती नदी. प्रत्यक्षात ती समुद्राला जोडलेली लांबच लांब खाडी आहे. आसपास संत्र्या-मोसंबीच्या बागा आणि टोमॅटोची शेते. १९५० च्या दशकात इथे वर्णद्वेषी कायद्यांचे राज्य होते. काळ्यांची वस्ती वेगळी, शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, बसमधली जागा वेगळी. शाळा शिकलेल्या काळ्या पोरापुढेही वाट एकच असायची: गोऱ्याच्या बागेत फळे तोडायची, शेतात वाकून राबायचे, किंवा गोऱ्यांच्या घरात चाकरी करायची. जन्माबरोबर काम ठरलेले असणे म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

याच गावात काळ्या मुलांसाठी लिंकन पार्क अकॅडमी ही शाळा होती. थोर कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी आयुष्याच्या अखेरीस, १९५८ साली, याच शाळेत काही काळ शिकवले. १९६० मध्ये त्या याच गावात वारल्या आणि १९७३ पर्यंत त्यांच्या थडग्यावर नावाचा साधा दगडही नव्हता. लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी येऊन तो बसवला. आपल्या माणसांची नावे कशी पुसली जातात, याचा हा एक दाखला. हा मुद्दा लक्षात ठेवावा. शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

तर या शाळेत झनोबिया जेफरसन नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. आल्फ्रेड हेअर या विद्यार्थ्याच्या हाताला वळण आहे, हे त्यांनी ओळखले. गावात ए. ई. बॅकस नावाचे गोरे निसर्गचित्रकार राहत. त्यांच्या चित्रशाळेचे दार काळ्या माणसालाही उघडे असे. त्या काळात, त्या गावात, ही साधी गोष्ट नव्हती. जेफरसनबाईंनी आल्फ्रेडला त्यांच्याकडे पाठवले आणि पोरगा तिथे रीतसर शिकला. दुसरा तरुण हॅरल्ड न्यूटन. तो मखमलीवर धार्मिक चित्रे काढायचा. बॅकस यांची चित्रे पाहून आणि त्यांच्याशी बोलून तो निसर्गचित्रांकडे वळला. न्यूटनचा हात असा काही बसला की आज या साऱ्या चित्रकारांमध्ये पुष्कळ जाणकार त्याला पहिला मान देतात.

या दोघांना पाहून मित्र आले, भाऊ आले, शेजारी आले. जेम्स गिब्सन, रॉय मॅकलेंडन, लिव्हिंग्स्टन रॉबर्ट्स, सॅम आणि लेम्युएल न्यूटन, अल ब्लॅक, रॉबर्ट बटलर... बघता बघता एक फळीच उभी राहिली. तिची ना घटना होती, ना अध्यक्ष, ना जाहीरनामा. एकमेकांचे बघून शिकायचे, एकमेकांची चित्रे विकायची, एवढाच नियम.

डिकीतले प्रदर्शन

कला शिकली तरी ती दाखवायची कुठे? गोऱ्यांच्या कलादालनात काळ्याच्या चित्राला जागा नव्हती. कॅनव्हास परवडत नव्हता. यावर या पोरांनी जो मार्ग काढला तो पाहण्यासारखा आहे. बांधकामात वापरतात तो 'अप्सन बोर्ड' नावाचा स्वस्त, दाबलेल्या लगद्याचा तक्ता त्यांनी कापून घेतला आणि त्यावर रंगाचा हात दिला. घराच्या भिंतीला वरच्या कडेने लावायच्या लाकडी पट्ट्या कापून त्यांच्या चौकटी केल्या आणि त्यांना सोनेरी-रुपेरी रंग फासला. झाले चित्र तयार!

आल्फ्रेड हेअरचे गणित सरळ होते. गुरूच्या एका चित्राला जी किंमत येते ती आपल्याला कोणी देणार नाही. मग आपण झपाट्याने काढू, स्वस्तात विकू आणि दहा चित्रांत ती रक्कम उभी करू. अंगणात तो एका ओळीत अनेक तक्ते ठोकायचा. पहिल्यावर आभाळ, दुसऱ्यावर आभाळ, तिसऱ्यावर आभाळ. मग सगळ्यांवर पाणी, मग झाडे. कोणी तक्ते तयार करून देई, कोणी चौकटी ठोके. चित्र साधारण पंचवीस डॉलरला जायचे. बागेत कित्येक दिवस राबून जे हाती पडायचे ते एका चित्रात मिळू लागले.

आणि विक्री? रंग ओला असतानाच चित्रे गाडीच्या डिकीत रचायची आणि 'यू. एस. १' या किनाऱ्याकडेच्या हमरस्त्याने निघायचे. वकिलाचे ऑफिस, डॉक्टरचा दवाखाना, बँक, मोटेल, जिथे भिंत रिकामी दिसेल तिथे आत जायचे. ज्या दारातून आत जाऊन खुर्चीवर बसायची सोय नव्हती, त्याच दारातून हे तरुण स्वच्छ कपडे घालून, ताठ मानेने, हातात समुद्र घेऊन आत जात होते. अल ब्लॅक हा मूळचा विक्रेता, बोलण्यात पटाईत. प्रवासात ओल्या चित्रांचे रंग फिसकटायचे, ते दुरुस्त करता करता तोही चित्रकार झाला! कलादालनांनी दार लावले तेव्हा यांचे सामूहिक प्रदर्शन गाडीच्या डिकीत भरले आणि ते रोज नव्या गावात भरत राहिले.

या चित्रांची संख्या एक ते दोन लाखांच्या घरात असावी, असा अंदाज सांगितला जातो. घाईत काढलेली म्हणून ती सगळी सारखी नाहीत. काही अगदी ठोकळेबाज आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण चांगली चित्रे पाहणाऱ्याला थांबवतात. दुपारी जमिनीवरून उठलेला आणि बघता बघता अर्धे आभाळ व्यापणारा पांढरा ढग, त्याच्या पोटात दाटलेला जांभळा काळोख, वादळाआधीचा तो पिवळट उजेड, फुटणाऱ्या लाटेच्या पातळ पाण्यातून आरपार दिसणारा हिरवा प्रकाश, दलदलीवरची संध्याकाळ. हे हवामान त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. उघड्यावर राबणाऱ्या माणसाला आभाळ वाचावेच लागते. पाऊस कधी येणार, वारा कुठून फिरणार, हे बागेतल्या मजुराला मालकापेक्षा आधी कळते. तीच नजर तक्त्यावर उतरली.

आणखी एक झाड या चित्रांत पुन्हा पुन्हा येते. लालभडक फुलांनी पेटलेले, खाडीच्या निळ्या पाण्यावर झुकलेले. तिकडे त्याला रॉयल पॉइन्सियाना म्हणतात. आपण त्याला गुलमोहर म्हणतो! मूळ मादागास्करचे हे झाड आपल्याकडेही आले आणि त्यांच्याकडेही गेले. आपल्या वस्त्यांच्या कडेला वैशाखात जो फुलतो तोच गुलमोहर.

त्या समुद्राचे पाणी

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ज्या समुद्राची चित्रे हे लोक काढत होते, त्या समुद्रात उतरण्याचा हक्क त्यांना होता काय?

नव्हता. फ्लोरिडाचे बहुतेक किनारे गोऱ्यांसाठी राखून ठेवलेले होते. १९४५ च्या मे महिन्यात मायामीजवळच्या हॉलोव्हर किनाऱ्यावर काही काळे कार्यकर्ते बंदी मोडून पाण्यात उतरले. त्यानंतर त्यांना व्हर्जिनिया की या बेटावर वेगळा किनारा देण्यात आला. म्हणजे पाणी मिळाले, पण वेगळे! १९६१ च्या जुलैमध्ये फोर्ट लॉडरडेल येथे युला जॉन्सन आणि डॉ. व्हॉन मिझेल यांच्या पुढाकाराने लोक पुन्हा पुन्हा गोऱ्यांच्या किनाऱ्यावर गेले आणि पाण्यात उतरले. शहराने कोर्टात धाव घेतली. १९६२ मध्ये कोर्टाने शहराची मागणी फेटाळली. १९६४ च्या जूनमध्ये सेंट ऑगस्टीनला समुद्रात उतरलेल्या काळ्या सत्याग्रहींना लाटांमध्ये गाठून मारहाण झाली. त्याच वर्षी २ जुलैला नागरी हक्क कायद्यावर सही झाली.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या किनाऱ्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको. तिथे तहान भागवण्याचा प्रश्न नव्हता, इथे अंघोळीचा नव्हता. निसर्गाने सर्वांना दिलेल्या पाण्यावर माणूस म्हणून आपला हक्क आहे की नाही, हा दोन्हीकडचा सवाल होता.

आणि ज्या रस्त्याने ही चित्रांची गाडी जायची तो रस्ता तरी कसला? फोर्ट पियर्सपासून याच किनाऱ्याने उत्तरेला गेले की मिम्स नावाचे गाव लागते. हॅरी मूर हे काळे शिक्षक तिथले. काळ्यांना मतदार म्हणून नोंदवायचे, झुंडबळींची दाद मागायची, हे त्यांचे काम. त्यापायी १९४६ मध्ये त्यांची नोकरी गेली. १९५१ च्या नाताळच्या रात्री त्यांच्या घराखाली बॉम्ब फुटला. मूर त्याच रात्री गेले आणि पत्नी हॅरिएट नऊ दिवसांनी गेल्या. अशा मुलखात अंधार पडल्यावर एकट्या काळ्या तरुणाने गाडी घेऊन अनोळखी गावांत हिंडणे म्हणजे जिवाशी खेळ होता. डिकीतले चित्र शांत होते. ते नेणारा माणूस शांत नव्हता.

आक्षेप आणि उत्तर

यावर कोणी म्हणेल, एवढे सगळे भोवती जळत असताना यांनी माडाची झाडेच का काढली? चित्रात दु:ख का नाही? गोऱ्याच्या दिवाणखान्याला शोभेल असेच का रंगवले? आक्षेप खोटा नाही. गिऱ्हाईक बहुतांशी गोरे होते आणि गिऱ्हाइकाला काय हवे ते या चित्रकारांना पक्के ठाऊक होते. वर्णद्वेषाचे चित्र पंचवीस डॉलरला कोणत्या वकिलाने भिंतीवर लावले असते?

पण या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे. शोषिताने फक्त शोषणच रंगवावे, जखमच दाखवावी; सूर्यास्त, समुद्र आणि फुले ही इतरांची मालमत्ता! हे गृहीत आपल्याकडेही आहे. दलित लेखकाने फक्त भोगलेलेच सांगावे, त्याला पावसावर लिहायचे असेल तर ते दलित साहित्य नव्हे, असे सांगणारे समीक्षक आपण पाहिले आहेत. आपल्याला जसे पाण्याचे आणि देवळाचे दार बंद होते, तसेच सौंदर्याचे दारही बंद करण्याचा हा प्रकार आहे. आभाळावर कोणाचा सातबारा आहे? संध्याकाळचा लाल रंग कोणाच्या नावावर चढला आहे? फोर्ट पियर्सच्या पोरांनी या प्रश्नाला भाषणाने उत्तर दिले नाही. ज्या किनाऱ्यावरून त्यांना हाकलले जायचे, त्याच किनाऱ्याची चित्रे त्यांनी हाकलणाऱ्यांच्या भिंतीवर टांगली आणि त्याचे पैसे मोजून घेतले.

दुसरी गोष्ट. चित्रात विद्रोह दिसला नाही तरी चित्र काढण्यात तो होता. ठरवून दिलेले काम नाकारणे, मालकाशिवाय जगणे, आपल्या हाताची किंमत आपण ठरवणे, यापेक्षा विद्रोह वेगळा असतो काय? अर्थात, तो मोर्चाची जागा घेऊ शकत नाही. मूर दांपत्याने जे केले ते वेगळे, त्याचे मोल वेगळे. किनारे खुले झाले ते पाण्यात उतरून मार खाणाऱ्यांमुळे, चित्रांमुळे नव्हे. हे भान ठेवूनच या चित्रकारांचा मान ठेवला पाहिजे.

सव्वीसातली एक बाई

या सव्विसांत बाई एकच, मेरी अ‍ॅन कॅरोल. लहानपणी जॉर्जियातून फ्लोरिडात आलेल्या. एके दिवशी त्यांना रस्त्यात एक गाडी दिसली, तिच्यावर आगीच्या ज्वाळा रंगवलेल्या. ती हॅरल्ड न्यूटनची गाडी होती. आपल्यासारखाच काळा माणूस चित्रकार असतो, हे तेव्हा त्या मुलीला पहिल्यांदा कळले. एवढे कळणे पुरे झाले. पुढे त्यांनी सात मुले एकटीने वाढवली. सुतारकाम केले, जे मिळेल ते केले, आणि चित्रे काढून स्वतः गाडी चालवत विकली. पुरुषांना जो धोका होता तो त्यांना दुप्पट होता. २०११ मध्ये त्यांनी आपले गुलमोहराचे चित्र मिशेल ओबामा यांना भेट दिले. २०१९ मध्ये त्या गेल्या.

आल्फ्रेड हेअरच्या नशिबी मात्र हे दिवस नव्हते. ९ ऑगस्ट १९७० रोजी फोर्ट पियर्समधल्या एका बारमध्ये त्याच्यावर गोळी झाडली गेली. वय अवघे एकोणतीस. तो गेल्यावर फळीतला जोम ओसरला. लोकांची आवड बदलली, चित्रे भिंतीवरून उतरून माळ्यावर आणि जुन्या बाजारात गेली. काहींनी चित्रे काढणे चालू ठेवले, काहींनी दुसरे काम धरले.

नाव कोणी ठेवले?

१९९० च्या दशकाच्या मध्यावर जिम फिच या कला-अभ्यासकाने या चित्रकारांवर लिहिले आणि त्यांना नाव दिले 'हायवेमेन'. हमरस्त्यावर चित्रे विकणारे म्हणून हे नाव. पण इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ आहे वाटमारी करणारे! चित्रकारांनी स्वतःला हे नाव कधी घेतलेले नव्हते आणि ते त्यांच्यातल्या काहींना आवडलेही नाही. शिवाय त्यात मेरी अ‍ॅन कॅरोल कुठे बसतात? ज्यांची नावे दुसऱ्यांनी ठेवली आणि ज्यांनी स्वतःचे नाव स्वतः ठेवण्यासाठी लढा दिला, त्या समाजाला यातली बोच लगेच कळेल.

तरीही या नावाने चित्रे माळ्यावरून खाली आली. २००१ मध्ये गॅरी मन्रो यांचे पुस्तक निघाले. २००४ मध्ये या सव्वीस जणांचा फ्लोरिडाच्या कलावंतांच्या सन्मानयादीत एकत्र समावेश झाला. आता संग्रहालये त्यांची सामूहिक प्रदर्शने भरवतात. डिकीतली चित्रे, जवळ फिरकू न देणाऱ्या दालनांत रीतसर दिव्याखाली लागली. पंचवीस डॉलरच्या चित्राला आज हजारो डॉलर मोजले जातात.

पण हे हजारो डॉलर जातात कोणाकडे? ज्याच्या माळ्यावर चित्र पडले होते त्याच्याकडे, ज्याने ते जुन्या बाजारात उचलले त्याच्याकडे. हॅरल्ड न्यूटन १९९४ मध्येच वारले. नावही पडले नव्हते तेव्हा. काढणाऱ्याला पंचवीस, विकणाऱ्याला हजारो, हा हिशेब आपण ओळखतो.

आपल्यासाठी

वाचकहो, ही केवळ परक्या देशातली गोष्ट म्हणून वाचून सोडू नये. आपल्या प्रत्येक वस्तीत एक पेंटर होता. चौदा एप्रिलच्या आधी रात्र रात्र जागून त्याने बाबासाहेबांचे तैलचित्र काढले, मिरवणुकीच्या चित्ररथाचे पडदे रंगवले, विहाराची भिंत रंगवली, दुकानांच्या पाट्या लिहून पोट भरले. मागच्या पडद्यावर त्याने डोंगर काढले, नदी काढली, उगवता सूर्य काढला. फ्लेक्स आला आणि त्याचा ब्रश सुटला. तो पडदा आज कुठे आहे? त्या पेंटरचे पूर्ण नाव किती जणांना आठवते?

फ्लोरिडात चाळीस वर्षांनी कोणी बाहेरचा आला, त्याने शोधले आणि त्यानेच नाव ठेवले. आपण तशी वाट पाहायची काय? प्रत्येक वस्तीत, प्रत्येक तालुक्यात चार तरुणांनी बसून आपल्या पेंटरची माहिती लिहून काढावी. उरलेले पडदे, पाट्या, तैलचित्रे यांचे फोटो घ्यावेत. हयात असतील त्यांना बोलते करावे. आणि जयंतीच्या मंडपात एका बाजूला दोन बांबू ठोकून त्यांच्या चित्रांचे सामूहिक प्रदर्शन भरवावे, प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचे नाव लिहून. त्याला कलादालन लागत नाही. फोर्ट पियर्सच्या पोरांना तर गाडीची डिकी पुरली होती.